अब्बांच्या पायाला लागलेला दाब

अर्शिया रेणापूरच्या सहा मुलींना रोज आपल्या जुन्या व्हॅनमधून लातूरला क्लासला नेई. एका शनिवारी ब्रेक दाबला की व्हॅन डावीकडं ओढायला लागली. उजव्या चाकाला पकडणारा ब्रेकचा कॅलिपर जाम झाला होता, त्यामुळं ते चाक थांबतच नव्हतं.

“अब्बा, ह्या बारीला मीच बदलते,” ती वडिलांना म्हणाली.

नजीर मिस्त्रींनी तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या. साखरेच्या आजारानं नजर गेल्यापासून मात्र त्यांनी पान्याला हात लावला नव्हता.

रविवारी अंगणातच तिनं नवा कॅलिपर बसवला, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. आता ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायला दोन माणसं हवी होती, एक पेडल दाबायला आणि एक चाकापाशी. नजीर मिस्त्री चाचपडत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

“अब्बा, दाबून धरा!” तिनं कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल केला, बुडबुडे निघाले, तिनं तो पुन्हा आवळला. “आता सोडा!”

आठव्या खेपेला पेडल घट्ट लागलं तसे ते ओरडले, “बस! पायाला दाब लागून राहिला बघ!”

लगेच दोघं मोकळ्या मैदानावर गेले. अर्शियानं वेग घेऊन ब्रेक दाबला. व्हॅन नाकासमोर सरळ थांबली. नजीर मिस्त्रींनी टाळ्याच वाजवल्या.

“लई झकास! अजून एकदा घे, बेटा!”