मावशीचं लाल बटण

या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि खरं सांगू, अर्ध्याहून जास्त वाचून हसते. चिंचेखाली उभी राहिलेली बाई, परतवाड्याच्या जीपमध्ये शेजारी बसून मध्येच दिसेनासा झालेला माणूस... अरे बाबांनो, झोप पूर्ण घेत जा! माझा धंदाच असा आहे की स्क्रीनवर जे उमटतं त्याला कारण असतंच. सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझं मत आजही तेच आहे, म्हणून हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय. रागाचं आणखी एक कारण आहे, ते पुढे कळेलच.

मी अमरावतीत एका छोट्या कंपनीत इंजिनिअर आहे. बडनेरा रोडवर दुसरा मजला, खाली टायरचं दुकान. ज्यांची मुलं पुण्याला, बंगलोरला नाहीतर परदेशात आहेत अशा म्हाताऱ्या माणसांना आम्ही एक डबी देतो. साबणाच्या वडीएवढी, गळ्यात घालायची. त्यावर लाल बटण. ते दाबलं की आमच्या स्क्रीनवर लाल ओळ येते, आमचा माणूस फोन करतो, शेजाऱ्यांना पाठवतो, गरज पडली तर अँब्युलन्स. शिवाय ती डबी घरच्या वायफायवरून नाडी, खोलीतलं तापमान, बॅटरी असं सगळं दर मिनिटाला आमच्या सर्व्हरला पाठवत राहते. अकोल्या-अमरावतीत अशी घरं किती आहेत म्हणून सांगू! एकेका गल्लीत नुसते म्हातारे आणि कुलपं.

यात एक मेख आहे. लाईट गेली की वायफाय जातं. मग डबी सगळ्या नोंदी पोटात साठवते, आणि लाईट आली रे आली की एकदम ओकते. अख्ख्या अकोल्याची लाईट एकाच वेळी आली तर सगळ्या डब्या एकाच क्षणी! पंगतीचं दार उघडल्यावर होते तशी झुंबड. एकदा अशाच लोंढ्यात आमची सिस्टीम तीन तास आडवी पडली होती, आणि सरांनी सगळ्यांना फैलावर घेतलं होतं.

खरा उपाय मला माहीत होता. लाल बटणाचे संदेश वेगळ्या रांगेत घ्यायचे, बाकीचं मागून सावकाश येऊ द्यायचं. दोन आठवड्यांचं काम. सर म्हणाले, "ते पुढच्या महिन्यात बघू मॅडम, आधी हे पडणं थांबवा." मी थांबवलं. एका दुपारात नियम लिहून टाकला — एखाद्या डबीकडून एका मिनिटात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संदेश आले, की ती बिघडली असं समजायचं आणि तिला तासभर म्यूट करायचं, म्हणजे तिचं काहीच पुढे जाऊ द्यायचं नाही. सिस्टीम पुन्हा पडली नाही. सरांनी पेढे आणले. मी खाल्ले.

आता मावशी. माझ्या आईची धाकटी बहीण, कुसुममावशी. अकोल्याला जठारपेठेत राहायची, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अकरावी-बारावीला मी तिच्याकडेच होते, त्यामुळे माझ्या डोक्यात जे काही गणित आहे ते तिनं कोंबलेलं. तिचा एकुलता एक मुलगा प्रसाददादा कॅनडात. त्यानं घर विकून तिला पुण्याच्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हटलं, तिनं त्याला झाडलं, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. महिनाभर! त्यानं मला फोन केला, "मनू, तिला तुमची डबी दे. सांग, माझ्याशी बोलू नको, पण बटण दाबत जा."

मी घेऊन गेले. मावशीनं डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"हे लोढणं गळ्यात घालून फिरू का मी? मले गाय समजून राहिला का हा?"

"मावशी, घाल ना गं. दाबलं की हिरवा दिवा लागते. हिरवा लागला म्हणजे समज कोणी तरी येऊन राहिलं."

"अन् नाही आलं तर?"

"येतेच."

असं मी तिला म्हटलं. माझ्याच तोंडानं.

मे महिना होता. अकोल्याचा मे काय असतो ते तिथल्यांनाच ठाऊक. सकाळपासून लाईट नव्हती, दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी आली. लोंढा आला, माझ्या नियमानं तो व्यवस्थित झेलला, आणि मी चहा घ्यायला खाली उतरले. संध्याकाळी पाच वाजता मावशीच्या कामवाल्या बाईचा फोन आला. मावशी स्वयंपाकघरात पडलेली होती, गेलेली होती. डॉक्टर म्हणाले उष्माघात. तासभर आधी कोणी पोहोचलं असतं तर... हे वाक्य डॉक्टर लोक का बोलतात कोण जाणे! कुणाला हवं असतं ते?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून कच्च्या नोंदी काढल्या, म्हणजे सर्व्हरच्या दाराशी जे जे येतं ते सगळं. मावशीच्या डबीनं लाईट आल्याबरोबर सकाळपासूनच्या नोंदी ओकल्या होत्या, म्हणून माझ्या नियमानं तिला दोन वाजून चार मिनिटांनी म्यूट केलं होतं. पहिलं बटण दोन वाजून दहा मिनिटांनी. शेवटचं दोन एक्कावन्नला. एकूण त्रेचाळीस वेळा. आणि दर वेळी तिला हिरवा दिवा दिसला असणार, कारण डबीचा संदेश सर्व्हरच्या दारापर्यंत पोहोचत होता. पुढे जात नव्हता तो माझ्या नियमामुळे. तिला मात्र वाटलं असेल, मनू कोणाला तरी पाठवून राहिली.

मी सरांना दाखवलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, तुमचं दुःख मी समजतो. पण हे बाहेर गेलं तर कंपनी बंद, आणि पहिलं नाव तुमचं. नियम कोणाचा?" नियम माझा. मी गप्प बसले.

प्रसाददादा तिसऱ्या दिवशी पोहोचला. आल्या आल्या बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग मनू. आईनं बटण दाबलं होतं का?"

मी म्हटलं, "स्क्रीनवर काही आलं नाही, दादा."

शब्दाशब्दानं खरं होतं. माझ्यासारखी नीच बाई मीच.

"म्हणजे दाबलंच नाही," तो म्हणाला. "रुसूनच गेली. मरताना पण माझी मदत नको होती तिला." चौदाव्या दिवशी तो परत गेला. घराचा सौदा झाला. मावशीचा फोटो त्यानं कॅनडाच्या घरात लावला नाही, हे मला वहिनीकडून कळलं. वर्षश्राद्धही करणार नाही म्हणे. "जिला माझा फोन नको होता, तिला माझं पाणी कसं चालेल?" हे ऐकलं, तरी मी तोंड उघडलं नाही. नोकरी होती ना.

मग मी ते दोन आठवड्यांचं काम नऊ दिवसांत केलं. कोणासाठी, हे विचारू नका. बटणांची रांग वेगळी केली. एकच माणूस भीतीनं बटण दाबत सुटला तर स्क्रीन त्याच्याच ओळींनी भरू नये, म्हणून असं ठरवलं की एका डबीची दहा मिनिटांत एकच ओळ दिसेल.

मावशीची डबी तोवर आमच्या लोखंडी कपाटात होती. सेल काढलेला, खातं बंद, यादीतून नाव उडवलेलं. हे सगळं मी स्वतः केलेलं आहे, म्हणून ठामपणे सांगते.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, अकोल्याची लाईट येऊन लोंढा आला. स्क्रीनवर गजूभाऊ होते. हे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, आधी टेलिफोन बूथ चालवायचे. ते म्हणाले, "मॅडम, इकडे या बरं."

लाल ओळ. श्रीमती कुसुम, जठारपेठ, अकोला.

यादीत नसलेलं नाव ओळीत कसं उमटलं याचा मी विचारही करू शकले नाही. दहा मिनिटांनी दुसरी ओळ आली. मग तिसरी. चाळीस मिनिटांत पाच ओळी, मग शांत. मी कपाट उघडलं. डबी तिथेच, थंडगार, सेल शेजारी.

मी जे जे शोधता येतं ते शोधलं, हो! जुने संदेश कुठे अडकून राहिले होते का? नाही, वेळा ताज्या होत्या. दुसऱ्या डबीला चुकून तोच क्रमांक दिला का? नाही. सर्व्हर ज्यांचा त्यांच्याशी तीन दिवस डोकं लावलं, त्यांनाही काही सापडलं नाही. नंतर जेव्हा जेव्हा अकोल्याकडून लोंढा आला, तेव्हा तेव्हा या पाच ओळी आल्या. बाकीच्या डब्या धडाधड ओकायच्या आणि ही एकटी घड्याळ लावल्यासारखी, दहा मिनिटांनी एक.

मला वाटलं कोणी तरी माझी मस्करी करतंय. म्हणून एक दिवस कुणालाही न सांगता मी मर्यादा बदलली. दहाची सतरा मिनिटं केली. सतरा कोणी सहज निवडत नाही. सतरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा बटण दाबलं गेलं, तर सिस्टीम ती ओळ गिळणार होती आणि तशी नोंद ठेवणार होती.

चार दिवसांनी लोंढा आला. पहिली ओळ बारा वाजून दोन मिनिटांनी. दुसरी बारा एकोणीस. तिसरी बारा छत्तीस. गिळलेली एकही नाही! तिनं जास्तीचं एकदाही दाबलं नव्हतं. जिवंतपणी त्रेचाळीस वेळा दाबून तिला आम्ही म्यूट केलं, आणि आता ती आमच्या नियमात बसून दाबत होती. गणिताच्या बाई ना!

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन लावला. तिकडे नुकतंच उजाडलं होतं. सगळं सांगितलं. नियम, म्यूट, हिरवा दिवा, त्रेचाळीस. नोकरी गेली तर जाऊ दे म्हटलं. तो म्हणाला, "इतके महिने मी तिच्यावर रागावून होतो, मनू. तुला माहीत होतं. माझं तोंड पाहत होतीस तू." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. बरोबरच केलं.

मला आतून वाटत होतं, आता हे थांबेल. तिला एवढंच हवं असेल की दादाला कळावं. गोष्टींमध्ये असंच असतं ना? खरं सांगितलं की आत्मा शांत होतो.

पुढच्या लोंढ्यात पुन्हा पाच ओळी आल्या. सतरा सतरा मिनिटांनी.

मी खुर्चीत बसून रडले. गजूभाऊ पाण्याचा ग्लास घेऊन आले. ते मोजकंच बोलतात.

"मॅडम, थे बाई तुमच्या भावाले काही सांगून नाई राहिली. थे मदत मांगून राहिली. तिले अजून बी वाट हाय, कोनी तरी येईन म्हनून."

मी एकदा अकोल्याला जाऊनही आले. घराचं फाटक नवीन लोकांनी बदललंय. "मावशी, आली मी," असं म्हणून उभी राहिले. आतून एक बाई आल्या, "कोन पाहिजे?" म्हणाल्या. काय सांगणार? परत आले. त्यानंतरच्या लोंढ्यातही ओळी आल्याच.

शेवटी सरांपर्यंत गेलं. मला वाटलं आता काढतील. काढलं नाही, माझ्याशिवाय लोंढा झेलणार कोण? त्यांनी दोन मिनिटांत प्रश्न सोडवला. मावशीच्या डबीचा क्रमांक सर्व्हरच्या दारातच कायमचा अडवून टाकला. आता त्यावरून काही आलं तरी आत येत नाही, ओळ उमटत नाही, कच्च्या नोंदीतही जात नाही. "झालं की नाही, मॅडम?" म्हणाले. मी मान हलवली. होय, याही वेळी हलवली.

हे कसं घडत होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला तांत्रिक कारण सुचलं तर उपकार होतील, मी मनापासून म्हणतेय. परवा अकोल्याची लाईट जाऊन आली. लोंढा आला. स्क्रीनवर तिची ओळ आली नाही. मी सतरा मिनिटं थांबले, मग आणखी सतरा. मावशी दाबायची थांबली की अजून दाबतेच आहे, हे आता मला कधीच कळणार नाही.