वेगळेपणाला दहा सह्या

समाजशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. स्टाफरूममधल्या कपाटावर धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात. आणि खरं सांगू? ती धूळ पुसायचा मला आता कंटाळा येतो. पस्तीस वर्षं बडोद्यातल्या एका कॉलेजात शिकवतेय, निवृत्तीला दोन उरलीत. म्हणून फक्त यंदाचे सांगते. माझा पेपर बंद पडायला आला होता, त्या दिवसांतले.

पेपरचं नाव 'शहर आणि व्यक्ती'. ऑप्शनल. शंभरेक वर्षांपूर्वी एक जर्मन पंडित सांगून गेला की, मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवतो आणि हरवू नये म्हणून काहीतरी करून वेगळा व्हायला धडपडतो. मुलं त्याला 'जर्मनकाका' म्हणतात. तर प्राचार्यांनी फर्मान काढलं, पुढच्या वर्षासाठी दहा नावं आली नाहीत तर जर्मनकाका बंद! त्याऐवजी 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'. म्हणजे शेवटची दोन वर्षं मी टायची गाठ आणि शेकहँड शिकवायचा!

घरी येऊन रडले चक्क. हा पेपर काढून घेतला तर मला दुसरं येतं काय हो?

०

जर्मनकाकांचं म्हणणं, शहरात रोज इतकं काही डोळ्यांवर आदळतं की माणूस शेवटी बधिर होतो. त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं.

हे मी शिकवत होते आणि खिडकीतून माकड आत आलं. चांगलं मोठं, काळ्या तोंडाचं. तिसऱ्या बाकावर बसलं, एकाचा डबा उघडला, दोन ठेपले खाल्ले आणि तिसरा हातात घेऊन आल्या वाटेने गेलं. वर्गात सात मुलं. एकानेही मान वर केली नाही! ज्याचा डबा होता त्याने फक्त झाकण लावलं.

मी खडू धरून उभी. मग पहिल्या बाकावरची किंजल म्हणाली, "मॅडम, एक्झाम्पलमध्ये वांदरो लिहायचा का?"

०

परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो. 'इंडिव्हिज्युअल म्हणजे काय? शहराच्या संदर्भात स्पष्ट करा.'

एकाने लिहिलं, "ज्याची भिंत शेजाऱ्याबरोबर कॉमन नसते त्याला इंडिव्हिज्युअल म्हणतात. चारही बाजूंनी मार्जिन सुटते. जोडभिंतीच्या टेनामेंटपेक्षा महाग पडतो."

त्याचे वडील गोरव्याला प्लॉट आणि बंगल्यांची दलाली करतात आणि त्या धंद्यात सुट्या बंगल्याला 'इंडिव्हिज्युअल' म्हणतात, हे मला नंतर कळलं. पाचपैकी शून्य द्यायला पेन टेकवलं, पण पेन काही पुढे सरकेना. कारण चुकलं कुठे, ते मला सांगता येईना! शेवटी तीन दिले.

०

आमचे विभागप्रमुख किरीटभाई. सज्जन माणूस. समोरून कोणीही आलं की "केम छो?" आणि समोरचा काहीही बोलला तरी "सरस, सरस!"

पेपर बंद होणार हे कळलं त्या दिवशी मी जिन्यात त्यांना गाठलं.

"केम छो, वसुधाबेन?"

"किरीटभाई, माझा पेपर बंद करताहेत."

"सरस, सरस! घरे बधा मजामा?"

मी म्हटलं, "मजामा." आणि उतरले जिना.

०

आता हा किस्सा माझ्यावरच आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

शहरातला माणूस शेजाऱ्याला ओळखत नाही, हा जर्मनकाकांचा आवडता मुद्दा. म्हणून मी मुलांना होमवर्क दिला. आपल्या सोसायटीत ज्यांचं नाव माहीत नाही, अशा लोकांची यादी करून आणा.

डभोईहून रोज बसने येणारी एक मुलगी आहे, तिने कोरा कागद दिला. "मॅडम, दोन दिवस शोधलं. एक अनोळखी मिळालेला, पण तो मामाचा साडू निघाला!"

किंजल मांजलपूरची. तिची यादी तीन पानी. मी आपली कौतुकाने वाचत गेले. दुसऱ्या पानावर सोसायटीचं नाव बघितलं तर आमचीच! म्हटलं, अरे वा, ही इथे राहते? आणि खाली लिहिलेलं, "डी-३०४. एक बेन. तोंडाला ओढणी बांधून स्कूटर काढतात. कोणाशी बोलत नाहीत. थोड्या घमेंडी वाटतात."

डी-३०४ म्हणजे मी!

चार महिने ही पोर माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती, आणि दोन मजले खाली राहत होती. तिला माहीत नव्हतं, ठीक. मला तरी कुठे माहीत होतं? ओढणी उन्हासाठी हो, सगळं बडोदं बांधतं. पण त्या 'घमेंडी'ने मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मिस्टरांना कागद दाखवला. रिफायनरीतून रिटायर झाल्यापासून त्यांची बैठक सोसायटीच्या गेटवर. ते पोट धरून हसले. "बरोबर लिहिलंय की! चल खाली, तुझी वॉचमनशी ओळख करून देतो."

०

ओळखीवरून आठवलं. नावं किती आली ते विचारायला ऑफिसात गेले. क्लार्क हंसाबेन खाकऱ्याचा तुकडा मोडत म्हणाल्या, "चार, तेपण तोंडी. अने शनिवार छेल्लो, शेवटचा दिवस. वसुधाबेन, ओळखाण छे?"

मी म्हटलं, "हंसाबेन, पस्तीस वर्षं मी तेच शिकवते. माणसाची ओळख म्हणजे काय, ती शहरात कशी बनते..."

"ए नहीं, बेन! वरती. वरती कोणाशी ओळखाण?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं! म्हणाल्या, "ओळखाण मोटी खाण छे, बेन. एटली शिकलेली, अने एटलीये खबर नहीं?" आणि उरलेला अर्धा खाकरा माझ्या हातात ठेवला. मी खाल्ला. चांगला होता, मेथीचा.

०

शनिवारचं सांगते आणि थांबते.

प्राचार्यांना माझ्याशी मराठीत बोलायचा शौक आहे. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "बेन, मुलांवर दबाव नाही पाहिजे हं! एकच पत्रक फिरवा. नाव, सही, आणि हा पेपर का पाहिजे ते कारण. ज्याने त्याने आपल्या मनाने लिहायचं. कारण नाही तर नाव कॅन्सल!"

म्हणजे माझी तोंडबंदीच. तरी शुक्रवारी मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गापुढे उभी राहिले. म्हटलं, "मी काही सांगणार नाही. फक्त एवढंच, की आयुष्यात एक तरी गोष्ट दुसऱ्याकडे न बघता करा." पत्रक सीआरच्या, म्हणजे वर्गप्रतिनिधीच्या, हातात दिलं आणि बाहेर आले.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शनिवारी चार वाजता ऑफिस बंद होतं. साडेतीनला पत्रक नाही. पावणेचारला नाही. मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसले होते. एवढी वर्षं नोकरी केली आणि शेवटी पोरांच्या दारात कटोरा घेऊन बसायची वेळ आली, असं वाटून गेलं.

चारला पाच मिनिटं असताना सीआर धावत आला आणि पत्रक थेट आत देऊन गेला. प्राचार्यांनी मला बोलावलं. बोट ठेवत ठेवत नावं मोजली. एक, दोन, तीन... नऊ, दहा!

दहा!

"थांबा बेन, अजून कारण बघायचं," ते म्हणाले आणि चष्मा लावला. मीही वाकून बघितलं.

पहिल्या ओळीत सीआरने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "मी कोणाचं बघून काही करत नाही. हा माझा स्वतःचा निर्णय आहे."

त्याच्याखाली दुसऱ्या नावासमोर, —॥—

तिसऱ्या नावासमोर, —॥—

चौथ्या, पाचव्या, थेट दहाव्या नावापर्यंत, —॥—

प्राचार्यांनी पत्रक वरपासून खालपर्यंत दोनदा नीट वाचलं. चष्मा काढला. चेहरा खुलला.

"वाह बेन! एकदम क्लिअर. दहाच्या दहा जणांनी स्वतःचा निर्णय घेतला छे!"

आणि सही ठोकली.

मी म्हटलं, "हो सर."