सतरा नंबर

आमच्या जाधव बाई हजेरीला नावं घेत नसत, नंबर घेत. "सोळा?" "हजर बाई!" "सतरा?" सतरा मी. उत्तर आल्याशिवाय बाई पुढे जायच्या नाहीत, चष्म्यावरून बघत थांबायच्या. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. शाळेच्या एकाच खोलीत सहावी आणि सातवी बसायची.

सातवीत असताना जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत बाबांच्या पायावर चिरा पडला. त्यांच्या जागी मी खाणीत गेलो आणि शाळा सुटली ती सुटलीच. बाई दोनदा घरी आल्या, दोन्ही वेळा मी गवताच्या उडवीमागे लपलो. सहावीतल्या बहिणीने पुढे सांगितलं, की वर्ष संपेपर्यंत बाई रोज "सतरा?" म्हणायच्या, थांबायच्या, मग अठरा. मुलं हसायची. बाई म्हणायच्या, "हसता काय? नंबर त्याचाच आहे."

बाईंना वेड होतं ते गावावरच्या सड्याचं, त्या कातळी पठाराचं. तिथे उघड्या कातळात माणसाची भलीमोठी आकृती कोरलेली आहे. गावात तिला पांडव म्हणायचे, आणि आमची आई त्या पांडवाच्या पोटावर आमसुलं वाळत घालायची, कारण जागा सपाट. एकदा बाईंनी आख्खा वर्ग वर नेला. आमची आमसुलं बघून मला वाटलं, आता मार. बाईंनी ती हलक्या हातांनी बाजूला केली आणि म्हणाल्या, "याच्या एका पायाची बोटं मोजा." सगळ्यांनी न मोजताच पाच सांगितली. माझी सहा भरली. बाईंनी खाली बसून स्वतः मोजली. "सहाच आहेत. पुस्तकात काय आहे ते मी बघीन, मेल्या. तू तुला काय दिसतं ते सांगत जा."

खाणीच्या ट्रकवर गाडी शिकलो, आणि आता मी सायप्रसला असतो. भूमध्य समुद्रातलं बेट, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. मी पर्यटकांची छोटी बस चालवतो. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीहून सोळा जणांचा गट यायचा होता आणि आदल्या दिवशी मराठी गाइड आजारी पडला. मालक म्हणाला, "भाषा तुझी आहे, तूच सांभाळ. तक्रार आली तर तुझ्या कामाच्या परमिटच्या कागदावर सही नाही." घरी बाबांचं औषध, बहिणीचं बाळंतपण. रात्रभर मी मोबाइलवर माहिती शोधत बसलो.

सकाळी हॉटेलबाहेर बसमध्ये पहिल्या चढल्या त्या जाधव बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मी गॉगल लावला आणि टोपी खाली ओढली.

"गॉगल काढ, मेल्या," बाई म्हणाल्या. "उडवीमागनं पण तुझे पाय दिसत होते."

त्या पहिल्या सीटवर बसल्या. मी स्टिअरिंग धरून हळूच सगळं सांगितलं, मालक, परमिट, सगळं. बाई खिडकीबाहेर समुद्र बघत होत्या.

कुरियन या प्राचीन शहराच्या दगडी नाट्यगृहात मी मोबाइलवरून माहिती वाचून दाखवली. पायऱ्यांखाली निळा समुद्र पसरलेला, आणि मी शब्दाशब्दाला अडखळत होतो. एक काका मोठ्याने म्हणाले, "ओ भाऊ, हे आम्हालाही वाचता येतं. पैसे भरलेत आम्ही!"

दुपारी पाफोसला पोचलो. समुद्राकाठच्या खडकात, जमिनीखाली खोदलेली जुनी थडगी. पायऱ्या उतरलं की मोकळा चौक आणि भोवती खांब. मी पुन्हा मोबाइल काढला. बाईंनी तो माझ्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, आमसुलं वाळत घालायची झाली तर इथे कुठे घालशील?"

मला हसू फुटलं. मग मी भिंतीवर हात ठेवला आणि तिरके घाव दिसले, अगदी बाबांच्या टिकावाच्या घावांसारखे.

"हे खांब कोणी उभे केलेले नाहीत," मी म्हणालो. "जोडच नाही कुठे. हे लोक वरून खाली आले. खांब ठेवला आणि बाकीचा खडक काढून टाकला. आमच्या खाणीत असंच वरून खाली जातात. आणि हा घाव बघा, उलट्या अंगाचा. इथला माणूस डावखुरा होता."

मग तेच काका वाकले, घावात बोट घातलं. "आयला, खरंच की! अजून दाखवा." तासभर मी दाखवत होतो. बाई सावलीत बसून पाणी पीत होत्या, जणू त्यांचा काही संबंध नाही.

तक्रार आली नाही. सही झाली. पुढच्या मराठी गटांना मालक मलाच पाठवू लागला.

परतीच्या दिवशी विमानतळावर बाईंनीच माणसं मोजली. पंधरा झाले, सोळाव्या त्या स्वतः. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सतरा?"

मी ट्रॉलीवरच्या बॅगा उगाच सरळ करू लागलो. मागे माणसं खोळंबली, काका म्हणाले, "चला हो बाई." बाई हलल्या नाहीत.

"हजर, बाई."

तेव्हा कुठे त्यांनी बॅग उचलली.

यंदा गणपतीत बहिणीचा फोन आला, बाई गेल्या. मला जाता आलं नाही. मी त्या दिवशी गट घेऊन पाफोसलाच होतो. बसमध्ये चढून माणसं मोजली. बारा होती. बारावर थांबवेना. तेरा, चौदा करत सतरापर्यंत गेलो, थोडा थांबलो, आणि मग गाडी सुरू केली.