थांबायचं किती

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, गेली बावीस वर्षं एकाच प्रश्नावर नोकरी करताहेत: थांबायचं किती? कॉम्प्युटरचा कर्नल म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना कामं वाटून देणारा गाभा. तिथल्या काही गोष्टी एका वेळी एकालाच वापरता येतात, म्हणून त्यांना लॉक. दुसरा आला, की त्याने एक तर दाराशी उभं राहून "झालं का, झालं का" असा धोशा लावायचा, नाहीतर झोपून जायचं आणि कुणी उठवेपर्यंत वाट बघायची. उठवण्यात वेळ जातो, म्हणून थोडा धोशा बरा. तो थोडा म्हणजे किती, हे भावजी ठरवतात. आमच्या आईने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि यासाठी शिकलेला माणूस लागतो?"

गेल्या वर्षी ताईला अर्धांगवायूचा झटका आला. हात सावरला, बोलणं अडलं. शब्द तिला ठाऊक असायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. स्पीच थेरपिस्ट बाईंनी बजावलं, "त्यांनाच बोलू द्या. त्यांनी प्रयत्न सोडला, तर मात्र कठीण आहे."

भावजींनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. ताईने तोंड उघडलं रे उघडलं, की हातातलं टाकून तिच्यासमोर स्टूल ओढायचे आणि डोळ्यांत तेल घालून तिच्या ओठांकडे बघत बसायचे. शब्द पुरवायचे नाहीत, हे कबूल. पण असं कुणी टक लावून बसलं, तर मला माझं नावसुद्धा सांगता येणार नाही. ताई लाल व्हायची, तिचे डोळे भरायचे, मग ती हातानेच पाण्याकडे खूण करायची. महिन्याभरात ती नुसत्या खुणांवर आली. तिचा आवाज आता पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही, अशी भीती मला वाटायला लागली.

त्यातच ऑफिसात भावजींचं घोडं अडलं. दाराशी उभं राहायची मुदत त्यांनी वाढवली होती. चाचणीत सगळं झकास पळालं, आणि गिऱ्हाइकाकडे मशीनची गोगलगाय झाली. रविवारी माझ्यासोबत भाजी निवडता निवडता त्यांनी कारण सांगितलं.

"चाचणीचं मशीन रिकामं होतं गं. त्यांचं गच्च भरलेलं. ज्याच्याकडे लॉक आहे, त्यालाच काम करायला जागा नाही. आणि जागा अडवून कोण बसलंय? तर त्याची वाट बघणारा!"

"मग आता?"

"आता आधी बघायचं, त्याचं काम चालू आहे का. नसेल, तर आपण बाजूला व्हायचं."

मी मुळात फटकळ. म्हटलं, "भावजी, मग घरी तुम्ही तेच करताय की! ताईची जागा अडवून बसलाय."

ते हातात भाजीची काडी तशीच धरून ताईच्या खोलीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे पाणावले, आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून स्टूल भिंतीला. ताई बोलायला लागली, की भावजी पाठ फिरवून भांडी पुसायला घेत. तीच भांडी, तीन-तीनदा. पहिले काही दिवस ताई गप्पच होती. मग एकदा "पा" आलं. दोन दिवसांनी "पाणी".

बाराव्या दिवशी मी तिथेच होते. भावजी पाठमोरे उभे राहून एकच पातेलं पुसत होते, कान मात्र सगळे मागे. ताई नुसतेच ओठ हलवत होती. बराच वेळ गेला. माझ्याच तोंडाशी दहा शब्द आले, ते मी गिळले.

"अ... अहो," ताई म्हणाली.

फडकं थांबलं. पण भावजी वळले नाहीत.

"इ... इकडे बघा ना."