माळ्यावरची कातडी

माझ्या थोरल्या दिरांच्या दिवसकार्याला लोक त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले. मी मागच्या भिंतीला टेकून दात आवळून ऐकत होते. आज त्यालाही बरीच वर्षं झाली, तरी माझा त्या माणसावरचा राग गेलेला नाही. घालवावा असंही मला कधी वाटलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी कोल्हापुरात आले. माझे वडील कुरुंदवाडला शाळामास्तर, नदीकाठी थोडी उसाची शेती. सासरचं चपलांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं राहतं घर आणि मध्ये फरशीचं अंगण. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. दुकान दिरांचंच असल्यासारखं होतं. माझा नवरा गल्ल्यावर बसायचा, पण दिरांना विचारल्याशिवाय चहासुद्धा मागवायचा नाही.

चपलांना जोडून दिरांचा दुसरा एक धंदा होता. तो मला कुणी सांगितला नाही, नाकालाच कळला. अंगणात फळ्यांवर खिळे मारून कातडी ताणलेली असायची. घोरपडीची, धामणीची, कधीमधी अजगराची. आसपासच्या गावांतून माणसं जनावरं पोत्यात घालून आणायची. कातडी मीठ लावून वाळली की मुंबईचा एक व्यापारी ती न्यायचा आणि बोटीनं परदेशी पाठवायचा.

"तिकडच्या बायकांच्या पर्सा होत्यात त्याच्या," जाऊबाईंनी मला सांगितलं. "लई नटव्या असत्यात म्हणं त्या."

तेव्हा सगळं उघड चालायचं. धुतलेली लुगडी मी त्या फळ्यांशेजारच्या दोरीवर वाळत घालायची आणि घडी करताना त्यांचा वास घ्यायला नको म्हणून तोंड फिरवायची.

माहेरी गेले की वडील मला शेतात न्यायचे आणि कुरतडलेला ऊस दाखवायचे. "धामणी दिसेनात. उंदीर माजलेत नुसते," म्हणायचे. धामणी कुठं गेल्या ते मला ठाऊक होतं. जावयाच्या घरचं त्यांना कसं सांगायचं? मी गप्प बसायची आणि कोल्हापूरला परत आल्यावर दिरांच्या ताटात भाकरी वाढायची.

मग सरकारनं जंगली जनावरं वाचवायचा कायदा केला. पुढं काही वर्षांनी असली कातडी परदेशी पाठवायलाच बंदी आली. अनेक देशांनी मिळून करार केलाय आणि त्यात आपलाही देश आहे, असं पेपरात होतं. मी ती बातमी जेवायच्या वेळी मोठ्यानं वाचली. मला वाटलं, सुटलो. आता अंगण मोकळं होईल.

दीर हसले. "बंदी आली? मग भाव चढणार की!"

अंगण मोकळं झालं खरं. फळ्या अडगळीत गेल्या. महिनाभरानं पापड काढायला मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढले, तर पापडाच्या डब्यामागं तेलाचे डबे रचलेले. हलवून बघितले, तर तेल डुचमळल्याचा आवाज नाही. एकाचं झाकण उघडलं. आत मीठ लावून गुंडाळ्या केलेली कातडी ठासून भरली होती. त्या दिवशी मी पापड तळले नाहीत. सासूबाईंनी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, "कातड्याच्या शेजारचे पापड मी कुणाला वाढणार नाही." त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

एकदा दुपारी न्हाणीघराकडं जाताना वाटेत ठेवलेलं पोतं हललं. मी पोत्याचं तोंड सोडून बघितलं. आत घोरपड होती, जिवंत. चारी पाय पाठीवर वळवून सुतळीनं बांधलेले आणि तोंड दाभणानं शिवलेलं. टाक्यांच्या मधून तिचा श्वास चालला होता. मी धावत जाऊन कात्री आणली. पायांची सुतळी कापतच होते, तेवढ्यात दीर आले. त्यांनी माझ्या हातातली कात्री ओढून घेतली.

"ह्यानं कापड कापायचं. जनावराला हात लावायचा न्हाय."

"भावजी, जिवंत आहे ती."

"व्हय. जितीच पायजे. मेलेलीचं कातडं उन्हाळ्यात टिकत न्हाय."

त्यांनी पायानं ते जनावर पोत्यात ढकललं आणि गाठ मारली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा बघतोय न्हवं ते? तू कशाला त्या बाजूला जातीस?"

"न्हाणीघर त्याच बाजूला आहे," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी दिरांना वाढणं बंद केलं. त्यांच्याशी बोलणंही बंद केलं. सासूबाई रोज बोलून घ्यायच्या, "त्याच्या जिवावर खातीस आणि त्यालाच पाठ दावतीस?" मी ऐकून घेतलं, पण त्यांच्या ताटात पुन्हा कधी वाढलं नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी दुकानासमोर जीप थांबली. वनखात्याची माणसं होती, मुंबईहून कस्टमचाही एकजण आला होता. मुख्य साहेब विदर्भाकडचे, आवाज एकदम हळू. मुंबईच्या बंदरावर परदेशी निघालेली चपलांची पेटी त्यांनी पकडली होती. चपलेच्या दोन दोन तळांच्या मध्ये घोरपडीची कातडी दडवलेली आणि पेटीवर आमच्या दुकानाचा शिक्का.

"शिक्का कोण बी मारतंय की साहेब," दीर म्हणाले. "बसा. च्या घ्या. आमचा साधा चपलांचा धंदा."

माणसांनी दुकान उलटंपालटं केलं, अडगळ बघितली, अंगणातली फरशीसुद्धा ठोकून बघितली. काही मिळालं नाही. साहेबांनी घरातल्या एकेकाला विचारलं. माझा नवरा मान खाली घालून "न्हाय" म्हणाला. जाऊबाई रडायलाच लागल्या. सासूबाईंनी अंबाबाईची शपथ घेतली. ती ऐकून माझ्या अंगाची आग झाली.

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्हाला काही माहीत आहे?"

"तिला काय इचारताय?" दीर मध्येच म्हणाले. "ती घरातली हाय."

"म्हणूनच विचारून राहिलो."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी आधीपासून काही ठरवलेलं नव्हतं. पण मला ती शिवलेल्या तोंडाची घोरपड आठवली. मला तर बोलता येत होतं.

"स्वयंपाकघराच्या माळ्यावर बघा," मी म्हटलं. "पापडाच्या डब्यामागं तेलाचे डबे आहेत. त्यांत तेल नाही."

डबे खाली आले. साहेब उकिडवे बसून एकेक गुंडाळी फरशीवर उलगडत गेले. शेवटच्या डब्यातली कातडी वीतभरसुद्धा नव्हती. घोरपडीच्या पिल्लांची होती ती. साहेबांनी मान वर करून दिरांकडं बघितलं आणि पंचनामा लिहायला सांगितला.

जीपमध्ये चढताना दीर मला म्हणाले, "बघून घीन तुला." जीप गेल्यावर सासूबाई आत गेल्या. मी सकाळी भरलेला पाण्याचा हंडा त्यांनी ओढत अंगणात आणून उपडा केला. "हिच्या हातचं पाणी आजपासनं मी पिणार न्हाय."

खोलीत गेल्यावर नवरा म्हणाला, "माझ्या भावाला आत घातलंस तू."

"कातड्यांनी घातलं. मी डबे दाखवले."

दीर लगेच जामिनावर सुटून आले आणि त्यांनी आम्हाला घराबाहेर काढलं. नवऱ्याला कबनूरला एका मागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचं काम मिळालं. आम्ही भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. मागांची खटखट एवढी, की शेजारी बसून बोलायचं तरी ओरडावं लागे. आमच्यात बोलायचं काही उरलंही नव्हतं. माझी कीर्ती तिथंही पोचली. नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या. एकीनं तोंडावर 'घरभेदी' म्हटलं. "तुझ्या न्हाणीघराच्या वाटेत बांधली असती, म्हंजे कळलं असतं," मी म्हटलं आणि हंडा भरून घेतला. तिला काही समजलं नसणार.

खटला वर्षानुवर्षं चालला. मी साक्ष दिली. दिरांच्या वकिलानं विचारलं, "सासरच्यांशी तुमचं पटत नव्हतं, खरं ना?"

"पटत नव्हतं," मी म्हटलं. "डबेही होते."

पण पंच फिरले. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, असं म्हणाले. विदर्भाच्या साहेबांची कुठंतरी लांब बदली झाली होती. ते एकदा एवढ्या लांबून आले आणि त्याच दिवशी पुढची तारीख पडली. जप्त केलेली कातडी सरकारी गोदामात पावसानं भिजून कुजली. ती कोर्टात आणली तेव्हा कशाची आहेत हेच कुणाला सांगता येईना. समुद्रापलीकडच्या देशांशी करार करणाऱ्या सरकारला आपल्या गोदामाचं गळतं छप्पर दिसलं नाही. दीर निर्दोष सुटले. त्या दिवशी मला सरकारचा राग दिरांइतकाच आला.

निकालानंतर दीर स्वतः कबनूरला आले. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी पेढ्यांचा पुडा नवऱ्यापुढं धरला. "घे. तुझ्या बायकूलाबी दे."

नवऱ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, पुडा घेतला, एक पेढा उचलला आणि खाल्ला. मी पुडा त्याच्या हातातून घेतला आणि बाहेर गटारीत टाकला. दीर हसत निघून गेले. त्या पेढ्याबद्दल मी नवऱ्याला पुढं कधी माफ केलं नाही. संसार केला, पण तो पेढा विसरले नाही.

दिरांचा कातड्यांचा धंदा मात्र परत सुरू झाला नाही. मला हे नंतर नवऱ्याकडूनच कळलं. बंदरावर पेटी सापडल्यापासून मुंबईच्या व्यापाऱ्यानं माल उचलणंच सोडलं होतं. तिकडच्या देशांतही सरकारी परवाना दाखवल्याशिवाय माल उतरवून घेईनात. पोती आणणारी माणसं दोनचारदा येऊन रिकाम्या हातानं परत गेली आणि मग यायचीच बंद झाली. दीर नुसत्या चपलांवर आले आणि ते त्यांना मरेपर्यंत झोंबत राहिलं.

नृसिंहवाडीला नात्यातल्या एका लग्नाच्या पंगतीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या बाईनं माझा धंदा बसिवला."

नवरा पानात बोटं फिरवत राहिला.

"व्हय, बसवला," मी म्हटलं आणि वाढप्याला हाक मारली, "इकडं भात आणा."