साडभाऊंच्या मक्याची तहान

मक्याला तहान कधी लागते हे अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दोघांनाच कळतं: एक मक्याला आणि दुसरे आमच्या साडभाऊंना. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार तामसीकडचे. जमीन थोडी, बोलणं फार. कणसाला केस फुटले की त्यांच्या घरातले बाकी सगळे व्यवहार बंद होतात. त्या दिवसांत पाणी चुकलं तर दाणे धरत नाहीत, मग नंतर अख्खी पैनगंगा आणून ओतली तरी उपयोग नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला गेलो, तर तारीख ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "साखरपुडा मागंपुढं होते, भाऊ. मक्याचे केस थांबत नाहीत." आणि खरंच आले नाहीत हो! बायको कितीतरी दिवस माझ्यावरच फुरंगटून होती, जणू मका मीच पेरला होता.

फवारणीचं तर विचारूच नका. वारा पडलेला हवा, ऊन कोवळं हवं, पानावर दव नको. स्वतः बिडी ओढत नाहीत, पण खिशात बंडल कायम. आलेल्या माणसाला बांधावर उभं करायचं, बिडी पेटवायला लावायची आणि धूर कुठे जातो ते पाहायचं. मी जन्मात बिडीला शिवलो नव्हतो. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, तर यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "धूर सरळ चालला. चला, पंप उचला!"

अशा माणसाच्या शेजारच्याच वावरात धाकटा भाऊ, आणि बोअर दोघांत एक. एका हंगामात धाकट्याने फवाऱ्यासाठी झिंकचं आणि स्फुरदाचं खत एकाच ड्रममध्ये कालवलं. ते दुधासारखं फाटलं, पंपाचं तोंड बुजलं. साडभाऊ त्याला भर बाजारात चारचौघांसमोर असं काही बोलले की तेव्हापासून दोघांचा अबोला. पाणी मात्र पाळीने, एक दिवस याचं, एक दिवस त्याचं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला दोघांचाही मका एकदमच केसावर आला आणि बोअर आटत आली. पाणी जेमतेम एका वावरापुरतं. नेमका तेव्हाच धाकटा पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात, बायकोही त्याच्यापाशी. रविवारी मी बसने गेलो, तर साडभाऊ फावडं घेऊन धाकट्याच्या वावरात पाणी वळवत होते. त्यांच्या स्वतःच्या मक्याची पानं उन्हाने गुंडाळून गेली होती.

"भाऊ, आज तर तुमची पाळी!"

"मले मालूम नाही काय?" ते खेकसले. "तो खाटेवर पडून हाय. त्यानं घरी येऊन बोडके कणसं पाहावं काय?"

"अन् तुमच्या मक्याचं?"

"त्याले मी समजावून सांगतलं."

समजावून! साखरपुड्याचा राग मी इतके दिवस मनात धरून होतो, तो तिथल्या तिथे गेला.

मका मोडायच्या दिवशी मी पुन्हा गेलो. धाकट्याची कणसं टोकापर्यंत भरलेली आणि साडभाऊंची म्हाताऱ्याच्या जबड्यासारखी. लोक हसत होते. साऱ्या गावाला वेळेचे धडे देणारा मास्तरच नापास झाला, तर कोण हसणार नाही? आणि ज्या माणसाने आजवर स्वतःची चूक म्हणून कधी कबूल केली नव्हती, तो विचारेल त्याला शांतपणे सांगत होता, "फवारा उशिरा मारला. माहीच चूक झाली."

धाकटा बांधावर उभा राहून ऐकत होता. पोटाला पट्टा बांधलेला.

"फवारा तू येळेवरच मारला, दादा," तो म्हणाला. "दवाखान्यात जायच्या आधी मी इथूनच पाहून राह्यलो होतो. पाणीच तेवढं माह्या वावरात आलं."

साडभाऊ हातातलं कणीस सोलत राहिले, सोलून झालं तरी बोटं चालूच. मग जरा सरकले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बस. उभं नोको राहू, पोटाले ताण पडते."

धाकटा बसला. दोघं मिळून कणसं सोलू लागले. माझी परतीची बस निघायची वेळ झाली होती, पण मला काही उठवेना.