तारा जागचा हलला नव्हता

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते, त्यांना सगळे पट्टेवाले म्हणत. त्यात गंमत अशी, की नोकरीने ते पट्टेवाले होतेच, आणि घरच्या गच्चीवर दुर्बीण लावून ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे काढण्याचं वेडही त्यांना होतं. मी तिथे टायपिस्ट. माझं टेबल प्रयोगशाळेच्या दाराला लागून, त्यामुळे ते सगळं मलाच ऐकवत.

“बाई, ताऱ्याचा प्रकाश फोडला की रंगीत पट्टा मिळतो. त्यात काळ्या रेघा असतात. रेघा सरकल्या, तर तारा आपल्याकडे येतोय नाहीतर लांब जातोय. पण सरकल्या किती, हे मोजायला पट्टी नको?”

त्यांची पट्टी म्हणजे ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधला चिमुकला दिवा. त्याच्या रेघा नेमक्या कुठे पडायला हव्यात ते पुस्तकात छापलेलं असतं, म्हणून त्याच्या फोटोवरून ताऱ्याच्या रेघा मोजता येतात. पट्टेवाल्यांचं यंत्र भंगारातून जमवलेलं. थंडीत ते आक्रसायचं, उन्हाळ्यात फुगायचं. त्यामुळे ताऱ्याच्या प्रत्येक फोटोआधी एक आणि नंतर एक, असे दिव्याचे दोन फोटो ते काढायचेच. बायकोच्या ऑपरेशनच्या आठवड्यात त्यांनी ताऱ्याचा फोटो सोडून दिला, पण दिव्याशिवाय कधी काढला नाही. पाच वर्षांत एकाच ताऱ्याचे दोनशे बारा पट्टे जमले.

विभागप्रमुख सर आधी हसायचे. “शिपायाने तारे मोजायचे, मग आम्ही काय घंटा वाजवायची?” पुढे त्यांना बढतीसाठी एक शोधनिबंध कमी पडला. तेव्हा त्यांनीच सगळ्या फोटोंचा पेन ड्राइव्ह मागून घेतला. तो द्यायला पट्टेवाले ठेवणीतला शर्ट घालून आले होते.

आठ महिन्यांनी निबंध छापून आला. तारा वर्षातून एकदा पुढे-मागे डोलतो, म्हणजे त्याच्याभोवती न दिसणारा सोबती फिरत असणार, असं त्यात होतं. सरांचा सत्कार झाला. पट्टेवाल्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटलंही नसावं. आलेख पाहून मात्र ते तडक सरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

“सर, दोनशे बारा पट्ट्यांना तुम्ही एकच दिवा वापरलात. पहिल्या दिवसाचा.”

“मग? यंत्र तेच ना?”

“यंत्र तेच, पण थंडी-ऊन वेगळं. डोलतंय ते माझं यंत्र. तारा जागचा हललेला नाही.”

सरांनी समोरचा निबंध मिटला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुमची मुलगी आपल्याकडेच शिकते ना? पुढचं वर्ष शेवटचं. चांगलं चाललंय तिचं.”

पट्टेवाले बाहेर आले आणि पुसलेलीच भिंगं पुन्हा पुसायला लागले.

वर्षभरात दोन वेधशाळांनी तोच तारा तपासला. तारा स्थिर होता. सरांना चूक कबूल करणारं पत्र पाठवणं भाग पडलं. त्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. यंत्राच्या मापनासाठी लागणारे दिव्याचे फोटो प्रयोगशाळेतल्या अमुक शिपायाने दर वेळी काढले नाहीत, त्याच्या हलगर्जीपणामुळे निष्कर्ष चुकला. अमुकच्या जागी पूर्ण नाव हवं होतं. त्याचं स्पेलिंग विचारायला सरांनी मलाच पाठवलं.

“कशाला हवंय?” पट्टेवाल्यांनी विचारलं.

“सरांना छापायला द्यायचंय,” मी म्हणाले. पुढे जीभ रेटली नाही.

त्यांचा चेहरा उजळला. वडिलांच्या नावासकट एकेक अक्षर त्यांनी सावकाश सांगितलं, आणि मी बरोबर लिहिलंय ना ते वाकून पाहिलं.

पत्र छापून आलं ते मुलीनेच घरी नेलं. पुढचं मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मुलगी म्हणाली, “बाबा, दिव्याचे फोटो खरंच काढले नव्हते?”

पट्टेवाले म्हणाले, “नाही गं. कंटाळा केला.”

मी त्यांच्यावर भडकले. माझ्या तोंडी ते शोभत नव्हतं, तरी भडकले. ते म्हणाले, “बाई, खरं सांगितलं तर ती सरांच्या अंगावर धावून जाईल. माझ्यावरच गेलीय. परीक्षा होऊ दे, मग सांगतो.”

परीक्षा झाली. ती पहिली आली आणि सरांच्या शिफारसपत्रावर मोठ्या वेधशाळेत रुजू झाली. आता सांगावं, तर तिला ते पत्रच टोचलं असतं. ते राहिलं ते राहिलंच. बायकोलाही त्यांनी शपथ घातली. दुर्बीण त्यांनी एका शाळेला देऊन टाकली.

सहा वर्षांनी कॉलेजने मुलीला भाषणाला बोलावलं. सर अध्यक्ष. निवृत्त झालेले पट्टेवाले शेवटच्या रांगेत, त्यांच्या शेजारी मी. ती छान बोलत होती. मापन का जपायचं, हे सांगताना ती हसून म्हणाली, “घरातलंच उदाहरण देते. माझे बाबा कष्टाळू, पण दिव्याचा कंटाळा केला आणि पाच वर्षं पाण्यात गेली. बाबा, रागावू नका हं!”

सभागृह हसलं. मुलांनी माना वळवून मागे पाहिलं. पट्टेवाल्यांनी हात जोडून मान डोलावली. पहिली टाळी सरांनी वाजवली. मीसुद्धा वाजवली.